हार माझ्याच फोटोला

शिराळ्याच्या शाळेत सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, आणि माझा धाकटा भाऊ वसंता एक ओळ पुढं धावायचा. तो आवाज आज दिवसभर कानात आहे.

मित्रांनो, आधी हे सांगतो की मी धडधाकट आहे. नात कॉलेजसाठी लघुपट करतेय, उद्या आमच्या सांगलीच्या घरात शूटिंग. गोष्टीतल्या वारलेल्या आजोबांसाठी फोटो हवा होता. मी हौसेनं माझाच दिला. दुपारी तिच्या कॉलेजच्या मुलांनी हार घालून तो भिंतीवर लावून बघितला.

बायको देवळातून आली ती दारातच ओरडली, "जित्या माणसाला हार? काढा आधी! शूटिंग गेलं खड्ड्यात!" नात रडत बसली. त्यात शेजाऱ्यांनी खिडकीतून हार बघून गावाकडं फोन केला.

तेव्हापासून फोन घेतोय. वसंताचा नाही. आईच्या तेराव्याला भांडलो, ते आजवर अबोला. मी खरंच गेलो तर तो येईल का, हाच विचार छळतोय. तुम्हीच सांगा, हार काढू का?

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. उघडलं तर वसंता, टॉवेल तोंडाला लावून.

"दादा," तो उंबऱ्यावरच बसला, "तू हायस व्हय?"