परत देणारा उतार

आमच्या कारखान्यात रिकाम्या गाड्या येतात आणि घरं होऊन बाहेर पडतात. पत्र्याची लांबडी व्हॅन आली की तिच्यात पलंग बसतो, ओटा बसतो, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज आणि दिवे बसतात. त्याला कॅम्पर म्हणतात. लोक सुट्टीत ती घेऊन निघतात आणि जिथे मन रमेल तिथे तिच्यातच झोपतात. लाकूडकाम माझं आणि वायरिंग एका बाईचं. तिला सगळे वायरवाली म्हणायचे, सुरुवातीला पाठीमागे. हे कानावर गेल्यावर तिनं स्वतःच जेवणाच्या डब्यावर रंगानं ‘वायरवाली’ लिहून आणलं. मग चिडवण्यात काही मजा उरली नाही आणि नाव मात्र कायमचं राहिलं.

अंगानं किरकोळ बाई, पण बोलणं एक घाव दोन तुकडे. गाडी विकली गेली की महिन्याभरात गिऱ्हाईक तिच्याकडे परत यायचं आणि तक्रार ठरलेली असायची, की पहाटे फ्रिज बंद पडतो. घरातल्या सामानासाठी आम्ही गाडीत वेगळी छोटी बॅटरी बसवायचो आणि ती रात्रीत मान टाकायची. मग कोणी बाहेर जनरेटर लावायचं आणि शेजारच्या गाडीतला माणूस झोपेतून उठून भांडायला यायचा. वायरवाली हे सगळं ऐकून घ्यायची, पण तिला ते आतून लागायचं. आपलं काम चांगलं असूनही माणूस शिव्या घालतो, म्हणजे चूक मुळातच कुठेतरी आहे, असं ती म्हणायची.

अशात मालकांनी लिलावातून पार्सल वाटणारी एक विजेची व्हॅन उचलली. ती कोपऱ्यात उभी राहिली ती राहिलीच. गिऱ्हाईक यायचं, कौतुकानं हात फिरवायचं, एका चार्जमध्ये किती जाते ते विचारायचं आणि उत्तर ऐकून डिझेलच्या गाडीकडे वळायचं. मालक तिला पांढरा हत्ती म्हणू लागले. एक दिवस वायरवाली त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

“मालक, या हत्तीच्या पोटात एवढी वीज आहे, की एखादं घर दोन-तीन दिवस आरामात चालेल. आणि आपण तिच्यावर पुन्हा ती छोटी बॅटरी बसवणार? विहिरीच्या काठावर राहून पाणी विकत आणण्यातला प्रकार झाला.”

मालकांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग म्हणाले, बनवा, पण विकायची भाषा आत्ता नको. आधी स्वतः लांब कुठेतरी घेऊन जा आणि स्वतःच्या चाकांवर परत या. त्यानंतर बोलू.

तिनं आधी जास्त दाबाच्या विजेवर काम करायचं रीतसर शिक्षण घेतलं. परत आली ती कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे घेऊन. जास्त दाबाच्या नारिंगी वायरीला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा दम तिनं सगळ्यांना भरला, मालकांना सुद्धा. मोठ्या बॅटरीतली वीज दिव्यांना आणि पंपाला झेपेल एवढी उतरवून देणारी पेटी तिनं पलंगाखाली बसवली. गाडीतली वीज बाहेर घेता यावी म्हणून बाहेरच्या अंगाला घरात असतो तसा साधा प्लगही दिला.

माझ्याशी तिचं वाजलं ते वजनावरून. विजेच्या गाडीत वजन जितकं जास्त तितकी ती एका चार्जमध्ये कमी चालते. तिनं माझ्या कपाटाचं दार काढून काट्यावर ठेवलं आणि विचारलं, “सुतारकाका, हे कपाट आहे की किल्ल्याचा दरवाजा?” मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग पातळ प्लाय आणला, दारांच्या जागी जाड कापडाचे पडदे लावले आणि ओट्याला आतून पोकळ केलं. खरं सांगायचं तर ते आधीच्यापेक्षा देखणं झालं, पण हे मी तिला लगेच सांगितलं नाही.

कुठे जायचं हे तिच्या मनात आधीपासून पक्कं होतं. तिच्या सासऱ्यांनी जन्मभर ट्रक हाकला होता, निम्मं आयुष्य केबिनमध्ये झोपून काढलं होतं. उतारवयात त्यांचा झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी मशीन दिलं. रात्री नाकातोंडावर मास्क बांधायचा आणि मशीन हवा आत लोटत राहतं. तेव्हापासून हा माणूस एक रात्रही घराबाहेर राहिला नव्हता. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई, मोठ्या घाटापलीकडे एकट्या राहायच्या आणि तिथली वीज पाहुण्यासारखी, मनाला येईल तेव्हा यायची-जायची. त्यामुळे बहीणभाऊ फोनवरच भेटायचे आणि फोनवरच भांडायचे. दोघंही सत्तरीपार, भांडणं मात्र अजून आठ-दहा वर्षांच्या वयातली.

सासऱ्यांचं या गाडीबद्दल मत वाईट होतं. आवाज नाही, धूर नाही, मग ही गाडी कसली, हा तर पाळणा, असं ते येईल त्याला सांगायचे. वायरवालीचा नवरा बेकरीत कामाला, त्याला सुट्टी मिळाली नाही. त्यानं एवढंच विचारलं, की बाबांचं मशीन रात्रभर नक्की चालेल ना. तिनं मशीन गाडीत नेऊन रात्रभर चालू ठेवलं आणि सकाळी त्याला पडद्यावरचा बॅटरीचा आकडा दाखवला. तो जेमतेम हलला होता. मग त्यानं स्वतःच बाबांची पिशवी भरली.

पुढचं मी तिच्या सासऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. दरवेळी घाट थोडा उंच झालेला असतो, म्हणून जे सुनेनं मान्य केलं तेवढंच सांगतो.

सपाटीवर गाडी छान चालली. घाटाच्या पायथ्याला चार्जिंगची जागा होती, तिथे बॅटरी भरून वर चढायचं ठरलं होतं. पण तिथला खांब मुका. पडदा काळा, बटणं मेलेली. पुढचं चार्जिंग थेट घाटापलीकडे. बॅटरीत तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त उरलं होतं आणि समोरून वारा होता. सासरे म्हणाले, वळव गाडी, यात लाज नाही.

ती पायरीवर बसून डोंगराकडे बघत राहिली. चढाला किती लागेल, वाऱ्यापायी किती जाईल, हे तिनं मनातल्या मनात मांडलं आणि उठली.

“वर पोचू आपण,” ती म्हणाली.

“आणि नाही पोचलो तर?”

“तर गाडीत पलंग आहे, पाणी आहे. तुमच्या मशीनला दोन रात्री पुरेल एवढी वीज मी राखून ठेवलीय बाबा. आकडा तिथवर उतरला की गाडी बाजूला घेणार. ती वीज चाकांची नाही, तुमची.”

 सासरे जाऊन पुढच्या सीटवर बसले.

तिनं हीटर बंद केला. दोघांनी अंगावर घोंगड्या घेतल्या. पुढे एक मालट्रक कण्हत चालला होता, वारा अडावा म्हणून त्याच्या मागे तिनं गाडी लावून घेतली आणि ओलांडायचा मोह आवरला. आकडा भराभर उतरत होता. सासऱ्यांचा उजवा पाय सवयीनं जमिनीवर दाबलेला. ते म्हणतात, की आयुष्यात एवढ्या शांततेत आपण कधी घाबरलो नव्हतो. इंजिन ओरडत असतं तर निदान सोबत तरी वाटली असती. घाटमाथ्याचा फलक दिसला तेव्हा तिच्या राखलेल्या आकड्याच्या वर थोडंसं शिल्लक होतं.

सासरे आता सावरून बसले, कारण त्यांच्या मते खरी परीक्षा पुढे होती. चढात गाडी बंद पडते, उतारात माणूस जातो, हे ते पहिल्या ट्रकवर शिकले होते. जळक्या ब्रेकचा वास त्यांच्या नाकात कायमचा बसलेला. ते ‘ब्रेक जपून’ म्हणणार तोच सुनेनं पाय उचलला आणि गाडीनं स्वतःच स्वतःला धरून ठेवलं. आकडा थांबला. दोन वळणांनंतर तो एकानं वाढला.

पडदा बिघडला, असं सासऱ्यांना वाटलं. तिनं सांगितलं, की उतारावर चाकंच मोटर फिरवतात, मोटर वीज बनवते आणि ती बॅटरीत परत जाते. ते पुढची कितीतरी वळणं त्या आकड्याकडे पापणी न लवता बघत बसले.

“उतारानं मला आजवर नुसतं घाबरवलं आणि माझे ब्रेक खाल्ले,” ते हळूच म्हणाले. “परत देणारा उतार आज पाहिला.”

“सगळं नाही देत,” ती म्हणाली. “थोडंच देतो.”

“थोडं तर थोडं. देतो तर खरं.”

खाली पोचल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून चाकाजवळ वाकले, वास घेतला, मग हात जवळ नेला. चाक जेमतेम कोमट होतं. पुढच्या गावात चार्जिंग धड होतं, तिथे बॅटरी काठोकाठ भरून घेतली आणि संध्याकाळी दोघं आत्याबाईंच्या अंगणात हजर झाली.

आत्याबाईंनी भावाला पाहताच एवढा वाळलास कशानं म्हणून झापलं आणि मग डोळे पुसायला आत निघून गेल्या. रात्री सासरे गाडीतच झोपले, मास्क लावून. सकाळी आत्याबाई सुनेला म्हणाल्या, “पूर्वी हा घोरला की कौलं हलायची. काल एवढा गप्प, की जिवंत आहे का ते मी दोनदा उठून बघून गेले.”

तिसऱ्या दिवशी वावटळीनं रस्त्यावरचा विजेचा खांब आडवा केला. गावाची वीज गेली आणि विहिरीवरचे पंप बंद पडले. गाडीतली वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत जाऊ नये म्हणून वायरवालीनं आधी आत्याबाईंच्या घराची मुख्य वायर सोडवून वेगळी केली, मग गाडीच्या प्लगमधून जाड केबल पंपापर्यंत ओढली. पाणी चढलं. शेजारच्या बाया घागरी घेऊन आल्या, पोरं फोन भरायला आली. सासरे खुर्ची टाकून गाडीच्या दाराशी बसले आणि आल्यागेल्याला वीज कशी बनते ते समजावू लागले. कालपर्यंतचा पाळणा आता ‘आमची गाडी’ झाला होता. “आमची” या शब्दावर सुनेनं फक्त भुवई उचलली.

ती स्वतःच्या चाकांवर परत आली तेव्हा मालक फाटकापर्यंत सामोरे गेले. त्यांनी लगेच जाहिरातीचा मजकूर काढला आणि त्यात गाडी किती लांब जाते याचा गुबगुबीत आकडा टाकला. तिनं तो खोडला. पाण्याची टाकी भरलेली असताना आणि चढाच्या रस्त्यावर जेवढी चालली तेवढाच आकडा लिहा, म्हणाली. कमी सांगा, गिऱ्हाईक परत येईल ते कौतुक करायला येईल.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते जनावरांची डॉक्टरीण, ओसाड माळरानावर आठवडे-आठवडे फिरणारी. तिला पूर्ण विजेचीच हवी होती, मालक द्यायला एका पायावर तयार होते आणि वायरवालीनं नाही म्हटलं. “तुमच्या वाटेवर प्लगच नाहीत. तुम्हाला हायब्रीड लागेल. मागे छोटं पेट्रोलचं इंजिन बसवू, ते चाकांना जोडायचंच नाही, त्यानं फक्त बॅटरी भरायची. दिवसा चालता चालता चालू ठेवा, रात्री बंद. फ्रिजमधली औषधं गार राहतील आणि तुम्हाला झोप लागेल.” मालकांचा चेहरा पडला होता, पण डॉक्टरणीनं त्याच दिवशी होकार दिला. पुढे तिनं आपल्यासारख्याच फिरत्या माणसांना आमच्याकडे पाठवलं.

आता कारखान्यात मधली भिंत पाडून वायरवालीचा वेगळा विभाग झालाय. कोणाला विजेची द्यायची, कोणाला हायब्रीड आणि कोणाला खुशाल डिझेलवर सोडायचं, हे ती गिऱ्हाइकाच्या वाटा विचारून ठरवते आणि मालक त्यात तोंड घालत नाहीत. काल एक जुनी रुग्णवाहिका आलीय. एका जोडप्याला तिच्यात फिरता दवाखाना हवाय, आणि तोही धूर न सोडणारा. सांगाडा गंजलेला, जागा अपुरी, मालक डोकं खाजवत उभे. वायरवाली टॉर्च घेऊन गाडीखाली कधीच शिरली होती. “होईल का हो?” मालकांनी वाकून विचारलं. खालून ठोकण्याचा आवाज आला, मग तिचा.

“होईल. आधी मला नीट मोजू तर द्या.”