भाऊजींची अंघोळ

जिवंतांपेक्षा मेलेल्यांमध्ये ज्याची ऊठबस जास्त, असा माणूस उभ्या पुण्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या मिस्टरांचे हे आतेभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणायची. पिंपरीकडच्या त्यांच्या कारखान्याने जुन्या माणसांना मुदतीआधीच घरी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा बाकीचे युनियनकडे धावले. भाऊजी त्याच आठवड्यात एका तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसले, जणू इतकी वर्षं केलेली नोकरी ही मधली सुट्टीच होती. पिशवीत भिंग, पंचा, चण्याची पुडी आणि छत्री. जुनी दप्तरं मोडीत असतात म्हणून मोडीही शिकले. "वंशावळ करतोय," असं सांगायचे. इतर लोकांची वंशावळ चौकटीत बसवून भिंतीवर लागते. भाऊजींची चालायची, बोलायची, भांडायची. मेलेल्यांबद्दल ते कायम वर्तमानकाळात बोलत. आमच्याकडे चहाला आले की बूट काढता काढता म्हणायचे, "वहिनी, काल तुमच्या मिस्टरांचे खापरपणजोबा भेटले. फार तापट आहेत हो. शेजाऱ्याची बाभूळ यांनीच तोडली आणि वर फिर्यादही यांनीच केली." माझ्या मुलीला हडपसरच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून पेढे दिले, तर पेढा तोंडात टाकून तिच्याकडे निरखून बघत राहिले आणि म्हणाले, "हिची पणजी याच वयाची आहे. पटकीत गेली. दुपारी गेली, भाकरी तव्यावर होती." मुलीने पेढ्यांचा डबा खाली ठेवला. त्या दिवशी पेढे उरले.

आता खरी गोष्ट सांगते, कारण ती आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणीच बोलत नव्हतं. भाऊजी सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील एका सकाळी घराबाहेर पडले ते परत आले नाहीत. भांडण नाही, कर्ज नाही, चिठ्ठी नाही. आमच्यात अशा माणसाची बारा वर्षं वाट बघतात आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे घरातल्या बाईला काय ते कळतं. आत्याबाईंनी, म्हणजे भाऊजींच्या आईंनी, पुतळा करू दिला नाही. "पानं जाळून माणूस मरत नाही," एवढंच म्हणाल्या आणि रोज सकाळी कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावत राहिल्या. सत्तरी उलटली तरी लावत होत्या. मुलाला त्यांनी एकदाच बजावलं होतं, तेही माझ्यासमोर. "शोधायचं तर शोध. पण पक्कं असेल तरच मला सांग. ऐकीव गोष्टीवर मी कुंकू पुसणार नाही." तेव्हा वंशावळ हे निमित्त होतं. भाऊजींचा हिशेब सरळ होता: घर सोडलेला माणूस परक्यात जात नाही, आपल्याच माणसांत जातो, फक्त फार लांबच्या. म्हणून आधी कुळाच्या सगळ्या फांद्या शोधायच्या, कोण कुठल्या गावी गेलं, कोणाची मुलगी कुठे दिली ते बघायचं, आणि त्या प्रत्येक गावाच्या मृत्यूच्या नोंदीत वडिलांना शोधायचं.

वडील सापडेनात, पण बाकीचे मात्र ढिगाने सापडत गेले. आणि इथे भाऊजींचा तो जगावेगळा नेम सुरू झाला. नात्यातलं कोणी गेल्याचं कळलं की अंघोळ करायची, हे आपण सगळेच पाळतो. फार उशिरा कळलं तर सुतक नाही, नुसती अंघोळ. भाऊजी म्हणत, "मग मला आत्ता कळलं ना? शंभर वर्षांपूर्वी गेले असतील, मला तर आजच गेले." नोंद वाचायची, भिंग पिशवीत ठेवायचं, कचेरीमागच्या नळावर जाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि तसंच निथळत येऊन पुढचं पान उघडायचं. पहिल्यांदा कारकून किंचाळला, "अहो आजोबा, रेकॉर्ड भिजेल!" नंतर सगळ्या कचेऱ्यांना सवय झाली. एका दप्तरखान्यातला माणूस तर यांना उठताना बघताच विचारायचा, "आज किती?" भाऊजी गंभीरपणे सांगायचे, "दोन. एक बाळंतीण, एक पोर." "मग आटपा, नळ बाराला जातो." एका हिवाळ्यात एका गावी महामारीचं सालच हाती लागलं. भाऊजी संध्याकाळी घरी आले ते ओठ निळे करून. आत्याबाईंनी काढा दिला आणि म्हणाल्या, "पोरंबाळं होती का रे?" ते म्हणाले, "होती." त्यांनी काढ्यात थोडा गूळ जास्त घातला.

नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहणारी माणसं दोनच. पण दार उघडलं की भरल्या पंगतीत उशिरा शिरल्यासारखं वाटायचं. आत्ता कोणीतरी बोलत होतं आणि तुम्हाला बघून थांबलं, असं. मी अशा गोष्टी मनावर घेणारी बाई नाही. माझा धंदा गाड्यांचा. हडपसरच्या कंपन्यांतल्या रात्रपाळीच्या मुलांना ने-आण करायला माझ्या चार गाड्या धावतात आणि ड्रायव्हर लोकांच्या भूतखेताच्या सबबी ऐकून माझे कान किटलेत. तरीही सांगते, भाऊजींबरोबर जिना उतरताना ते मध्येच भिंतीला टेकून उभे राहायचे आणि हाताने मला थांबवायचे. "म्हातारं माणूस आहे, आधी जाऊ दे." जिन्यात आम्ही दोघंच. मी थांबायची. का थांबायची ते मला विचारू नका. माझ्या मुलीने एकदा उत्साहाने त्यांची सगळी वंशावळ कॉम्प्युटरमध्ये भरून दिली. भाऊजी पडद्याकडे खूष होऊन बघत होते. मग तिने कॉम्प्युटर बंद केला आणि पडदा काळा झाला. भाऊजी ताडकन उठले. "अगं, लाव, लाव! सगळी आत आहेत." दुसऱ्या दिवशी येऊन आधी विचारलं, "चालू आहे ना?" शेवटी त्यांच्या समाधानासाठी तिने सगळं कागदावर छापून दिलं, तेव्हा कुठे आमचं विजेचं बिल आटोक्यात आलं.

माझ्या गाड्या दिवसा मोकळ्या असत, म्हणून महिन्यातून एखाद्या वेळी मीच त्यांना गावोगाव घेऊन जायची. तो वैशाख होता. सासवडच्या पुढे, डोंगराच्या कुशीतलं एक गाव. भाऊजींच्या वडिलांच्या चुलत आजीचं माहेर म्हणे तिथलं. भर दुपारी पोचलो. ऊन इतकं की सावल्या पायाखाली घुसल्या होत्या. मी गाडीतून उतरले तशी दोन कुत्री माझ्यावर धावून आली. भाऊजी उतरले आणि ती गप्प झाली, शेपट्या हलवत त्यांच्या पुढे चालू लागली. वाट दाखवावी तशी. पारावर तिघे म्हातारे बसले होते. त्यातला एक भाऊजींकडे बघून उठून उभा राहिला, हात जोडले, आणि मग स्वतःच गोंधळून आपल्या हातांकडे बघत राहिला. दुसऱ्याची विडी तशीच बोटांत जळत होती. मी विचारलं, "ग्रामपंचायत कुठाय?" तर माझ्याकडे न बघताच त्याने बोट दाखवलं.

ग्रामपंचायतीला कुलूप होतं. ग्रामसेवक जेवायला गेलेले. भाऊजी पायरीवर टेकले आणि सवयीप्रमाणे खाकरले. फक्त खाकरले. समोरच्या घराच्या उंबऱ्यात एक म्हातारी बाई बसली होती, डोळे पांढुरके झालेले, कपाळ मोकळं. तो आवाज ऐकून तिने मान वर केली आणि बाजारातून आलेल्या माणसाला विचारावं इतक्या सहज म्हणाली, "आलात व्हय मास्तर? किती उशीर! या, ऊन हाय."

भाऊजी उठले आणि गेले. मी हाक मारली ती त्यांना ऐकूच आली नाही. म्हातारीने चाचपत तांब्या आणला, त्यांच्या पायांवर पाणी घातलं, पाट मांडला. शेजारची एक पन्नाशीची बाई धावत आली. "अवो पावनं, तिला दिसत न्हाई, ध्यानात बी काय ऱ्हात न्हाई. तिचं मालक हितं शाळामास्तर हुते. बाहेरगावचे. जाऊन लई वर्सं झाली. रागावू नका, ती आल्यागेल्याला..." एवढं बोलून तिने भाऊजींचा चेहरा नीट बघितला आणि पदर तोंडावर धरला.

म्हातारीने पिठलं-भाकरी वाढली. भाऊजी जेवले. मीही जेवले. पिठल्यात लसूण नव्हता. लसणाची चटणी मागितली तर म्हातारी मलाच म्हणाली, "मास्तरांना लसूण चालत न्हाई, म्हनून आमच्यात न्हाईच." तेवढ्यात ग्रामसेवक आले, कुलूप उघडलं, टेबलावर मृत्यूची जुनी दप्तरं काढून ठेवली आणि विचारलं, "बोला, कोणाचं नाव बघायचं?"

आयुष्यभर त्या एका ओळीसाठी हिंडलेला माणूस त्या टेबलाजवळ उभा होता. मी बाहेर बघितलं. दारातच हातपंप होता. मला वाटलं, आता. भाऊजींनी भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा पिशवीत ठेवलं.

"कोणाचंच नाही," ते म्हणाले. "चुकून आलो."

गाडीत बसल्यावर मी सरळ विचारलं. मला आडवळणाने बोलता येत नाही. "भाऊजी, तुम्ही अंघोळ केली नाहीत."

"कोणाची?"

"मला विचारता?"

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग कारखान्यातल्या सुपरवायझरच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, नोंद मी वाचलेली नाही. जे आहे ते ऐकीव आहे. ऐकीव गोष्टीची मी अंघोळ करत नाही." घाटाच्या वळणावर पुन्हा म्हणाले, "आणि वडिलांचं केव्हाही कळलं तरी दहा दिवस धरावे लागतात. दोन खोल्यांत ते आईपासून लपवू कुठे?"

घरी आत्याबाई वाट बघत होत्या. कपाळावर कुंकू, संध्याकाळी पुन्हा लावलेलं. "मिळालं काही?" "नाही आई. ग्रामसेवकच नव्हता." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नव्हता हो आत्याबाई. फुकट पेट्रोल गेलं." धंद्यात मी खोटं बोलत नाही, पण तेव्हा तोंडाला काही कष्ट पडले नाहीत. त्या पुढे काही विचारतील म्हणून आम्ही दोघं सावरून बसलो. त्यांनी विचारलं ते भलतंच. "जेवलात कुठे?"

"गावातच. एका बाईने पिठलं वाढलं," भाऊजी म्हणाले. आणि या माणसाला लपवाछपवी कधी जमलीच नाही म्हणून पुढे बोलून गेले, "बिनलसणाचं."

आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती. खाली रस्त्यावर भाजीवाला येऊन ओरडून निघून गेला. मग तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "चांगली दिसते बाई. आता हे हिंडणं पुरे. उद्यापासून घरी बस." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुंकू लावलं, रोजच्याइतकंच मोठं.

भाऊजी त्यानंतर कुठल्याही कचेरीत गेले नाहीत. आत्याबाई पुढे काही वर्षांनी गेल्या त्या सवाष्ण म्हणूनच गेल्या. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, ओटी मीच भरली. नात्यातल्या एक-दोन बायका कुजबुजल्या, "असेल का हो ते कुठे जिवंत?" मी म्हटलं, "असतील. तुम्ही नारळ आणा." ते दहा दिवस भाऊजींनी कडक पाळले, आणि गुरुजींच्या कानाशी लागून एक पिंड जास्तीचा ठेवायला लावला. तो कोणाचा, हे गुरुजींनी विचारलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही. दोघांचं एकदमच उरकलं. भाऊजींच्या जिन्यात मग मला कधी थांबावं लागलं नाही. खोल्या एकाएकी दोन खोल्यांएवढ्याच झाल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या तशा मला सहन होत नव्हत्या.

चौदाव्या दिवशी त्यांचा फोन आला. "वहिनी, गाडी मोकळी आहे का?" कुठे जायचं ते मी विचारलं नाही.

म्हातारी उंबऱ्यातच होती, आणखी वाळलेली. "आलात व्हय?" ती म्हणाली. मला वाटलं, आता भाऊजी समजावून सांगतील, आपण कोण, आपले वडील कोण. भाऊजींनी चपला काढल्या आणि म्हणाले, "आलो." तेव्हापासून दर महिन्याला जातात. ती त्यांना टोपी का नाही घातली म्हणून रागावते, ते ऐकून घेतात. तिला औषध आणतात, पाटावर बसून पिठलं खातात, संध्याकाळी 'जरा जाऊन येतो' म्हणून निघतात. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, खरं सांगा ना तिला." ते म्हणाले, "आईने इतकी वर्षं दाराकडे बघितलं. एकदा तरी कोणीतरी 'आलो' म्हणायला हवं होतं."

गेल्या खेपेला म्हातारीने माझा हात धरला. बायकांचे हात तिला कळतात. भाऊजींना विचारलं, "ह्या कोन?"

"पुण्याच्या आहेत."

तिने थोडा विचार केला. मग माझा हात आणखी घट्ट धरून म्हणाली, "पुन्याला कुनी मास्तरांची वाट बघत असंल, तर त्यास्नी सांगा बाई, बरे हायेत म्हनून."

मी सांगते म्हटलं. सांगायला पुण्यात आता कोणी उरलेलं नव्हतं.