पोळ्याच्या रांगेतला लाल ट्रॅक्टर

२००१ च्या पोळ्याला रोहण्याजवळच्या एका गावात बैलांच्या रांगेत एक जुना लाल ट्रॅक्टर उभा राहिला. तासाभरापूर्वी त्यानेच खड्ड्यांतून रखडत चाललेल्या आमच्या एसटीला मागे टाकले होते. चालवणारा साठीचा मिस्तरी एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने डोक्यावरची टोपी धरून बसला होता. त्याचे नाव मी विचारले नाही. याच गावातून भंगारात गेलेला ट्रॅक्टर त्याने चार वर्षे खपून पुन्हा चालता केला होता. सेल्फ-स्टार्टर चालत नसल्याने तो ट्रॅक्टर कायम उतारावर लावायचा; घरंगळला की इंजिन सुरू व्हायचे. आदल्या संध्याकाळी त्याने बैलांच्या खांद्यांसारखेच मडगार्डलाही हळद-लोणी चोळले होते.

पाटील पुढे आले. "मिस्तरी, याले काऊन आणलं? बैलायचा सण हाय."

"तीस वर्सं नांगरलं यानं, पाटील. तुमच्या वावरात बी. एक दिवस मान नाई का याले?"

"बैल बुजले त बाहेर काढीन."

"बंदच करून टाकतो ना."

त्याने इंजिन बंद केले. तोरण तुटले, बैल निघाले. जमीन सपाट होती; ट्रॅक्टर जागेवरच राहिला.

"जुंपा एखादी जोडी," गर्दीतून कोणी म्हणाले.

"आज जू ठेवत नसतेत," मिस्तरी म्हणाला. "बैलायचा सण हाय."

पाटील हसले. धोतर खोचून ते ट्रॅक्टरच्या मागे गेले, त्यांच्यामागून आणखी सहा जण. पाराजवळ इंजिन सुरू झाले. पाटील परतले तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे पिवळे होते.