उघाडी बंद करायची राहिली

कॅलेंडरवर तिथी दिसली की मी अजूनही मनात तिची पाऊणपट करतो. चतुर्थी, तीन. अष्टमी, सहा. द्वादशी, नऊ. त्या तिथीला तितक्या वाजता आमच्या किनाऱ्याला भरती पूर्ण होते. थोडं इकडेतिकडे होतं, पण हिशेब जमतो. आता मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. इथून समुद्र दिसत नाही आणि भरतीशी माझं काही काम उरलेलं नाही. तरी दूध तापवायला ठेवलं की आकडा येतोच.

शाळेत पाऊणकी घोकून घेत तेव्हा बाकीच्या मुलांना ती कशासाठी हे कळायचं नाही. मला कळायचं. माझे वडील रोज ती वापरत.

आमचं गाव उरणच्या बाजूला, डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या पट्टीत. गावापुढे मुंबईच्या एका शेठचं मिठागर होतं आणि बाबा तिथे उघाडीवर होते. खाडीच्या बांधात दगडी चौकट, चौकटीच्या दोन खाचांत वरखाली सरकणारी जाड लाकडी झडप, आणि आत मिठागराच्या तळ्यापर्यंत गेलेला खोल चर. ही उघाडी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला बाबा झडप वर ओढायचे, समुद्राचं पाणी चरातून तळ्यात घ्यायचे आणि ओहोटी लागायच्या आत झडप खाली सोडायचे. पुढे ते पाणी वाफ्यांत खेळवून त्याचं मीठ व्हायचं. उधाण हुकलं तर पंधरवडा बसून राहा.

झडप उचलण्याआधी बाबा बांधावर उभे राहून तीनदा आवाज द्यायचे, "पानी आयलं हो, वर या!" चरात कोणी असो नसो. ओहोटीला बायका-पोरं चरात चिंबोऱ्या धरायला उतरत, म्हणून तो आवाज. पण चर डोळ्यांसमोर रिकामा दिसत असतानाही ते आवाज देत, तिसऱ्या आवाजानंतर थोडं थांबत, आणि मगच दोराला हात घालत. आई त्यांची चेष्टा करायची. "ह्याला पोराच्या लग्नाचा मुहूर्त विचारला ना, तर त्याची बी पाऊनपट करून सांगंल. आन् मांडवात तीनदा वरडंल."

बाबा हसायचे. तीनदा आवाज का, ते आईलाही माहीत होतं.

बाबांच्या लहानपणी उघाडी माझ्या आजोबांकडे होती. एका उधाणाला त्यांनी आवाज न देता झडप ओढली. बाबांची धाकटी बहीण चिंबोऱ्या धरत चराच्या वळणात बसली होती. पाणी उतरल्यावर ती सापडली ती झडपेच्याच तोंडाशी. आजोबांनी त्यानंतर दोराला हात लावला नाही, आणि बाबा पोरसवदा असतानाच उघाडीवर उभे राहिले. हे सगळं मला आईने सांगितलं. बाबांनी फक्त एक नियम सांगितला होता: काम झालं की झडप बंद. उघडी टाकून घरी यायचं नाही.

सत्तरच्या दशकात जमिनी घेण्याच्या नोटिसा आल्या. खाडीपलीकडे नवं शहर होणार आणि आमच्या बाजूला बंदर, असं सगळे म्हणत होते. मिठागराचा ताबा घ्यायला माणसं आली तेव्हा भरती चालू होती आणि झडप वर होती. त्यांनी पंचनामा केला, सगळ्यांना बाहेर काढलं, दोर गुंडाळून जीपमध्ये टाकला. बाबा म्हणाले, "साहेब, झडप खाली सोडून येतो." साहेब म्हणाले, "आता कशाला? इथं आता मीठ व्हायचं नाही."

झडप तशीच राहिली. पुढे काही वर्षं त्या जागेवर काहीच झालं नाही. भरतीला पाणी उघड्या तोंडातून आत यायचं, ओहोटीला निघून जायचं. वाफे फुटले, त्यांत तिवरं उगवली. बाबा रोज सकाळी बांधापर्यंत जाऊन यायचे. काम नसलेला माणूस फिरायला जातो असं लोकांना वाटायचं. जेवताना ते कधीतरी म्हणायचे, "उघडी हाय अजून." आई ताटात भात वाढायची आणि विषय बदलायची.

ऐंशीनंतर काम सुरू झालं. जमीन किंवा रोजगार गेलेल्यांच्या घरातला एक म्हणून मला बंदराच्या बांधकाम कचेरीत कारकुनी मिळाली. डंपर मोजायचे, दगड किती ब्रास आला ते लिहायचं. मला आवडायचं ते. आकडा एकदा बरोबर लिहिला की तो बरोबर राहतो.

खाडीच्या तोंडाशी एक परदेशी जहाज येऊन उभं राहिलं. ते समुद्राच्या तळाची वाळू पाण्यासकट ओढायचं आणि माणूस उभा मावेल एवढ्या लोखंडी पाइपातून आमच्या मिठागरात ओतायचं. पाणी वाहून जायचं, वाळू राहायची. अशी जमीन तयार होत होती. पाइपावर देखरेख करणारा मुकादम मराठवाड्याचा होता. समुद्र त्याने इथे येऊनच पहिल्यांदा पाहिला होता. बाबांशी त्याचं जमलं. एकदा तो सांगत होता, "आजोबा, त्या जहाजावरच्या गोऱ्यांचा देश म्हणं समुद्राच्या खाली हाये. बांध घालून राहत्यात."

बाबांनी विडी बाजूला धरली. "मंग त्यांच्याकडं बी उघाडी असंल."

"असंल की. मशीनची."

"आवाज कोन देतं?"

मुकादमाला प्रश्न कळला नाही. "कसला आवाज?"

बाबा मला म्हणाले, "विचार तुझ्या हापिसात." मी अर्थातच विचारलं नाही.

भराव चराच्या दिशेने सरकत आला तसे बाबा अस्वस्थ झाले. एका संध्याकाळी त्यांनी मला ओट्यावर बसवलं. "तू आता तिकडचाच मानूस हायस. मला एक सकाळ आत जायला मिळंल असं बघ. झडप बंद करून येतो."

"वरून वीस फूट वाळू पडणार आहे, बाबा. झडप उघडी काय, बंद काय."

"पडू दे वाळू. उघडी झडप पुरायची नाय."

आई दारातून म्हणाली, "जा ने त्याला. नाय तर हा एकला जाईल."

झडप जाम झाली होती. इतकी वर्षं वर राहिल्याने दोन्ही खाचांत कालवं, म्हणजे दगडाला चिकटतात ती शिंपली, बसली होती. ती खरवडायची तर चरात उतरून चौकटीच्या पायाशी उभं राहायला हवं, आणि त्यासाठी चर तळापर्यंत कोरडा हवा. बाबांनी दिवस ठरवला: पौर्णिमेनंतरची द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती, म्हणजे सकाळी साडेसातला पुरती ओहोटी, आणि उधाणाच्या दिवसांतली ओहोटी म्हणून पाणी सगळ्यात खाली. मी कचेरीतला भरतीचा तक्ता पाहिला. तोही तेच सांगत होता. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, पाइपाचा जोड फुटलाय, उद्या दुपारपर्यंत काम बंद.

सकाळी आम्ही दोघं गेलो. बाबांकडे कोयता, माझ्याकडे दोर. नव्या वाळूवर पाऊल वाजत नव्हतं. एका बाजूला सपाट पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला आमचा चर, काळ्या चिखलाचा, तळाशी हातभर पाणीही नसलेला. मी लहानपणी पाहिला होता तसाच. बाबा बांधावर उभे राहिले. मला वाटलं आवाज देतील. पण आवाज पाणी घेण्याआधी द्यायचा असतो, आणि आज पाणी येणार नव्हतं. ते गुपचूप खाली उतरले, चिखलातून चालत चौकटीशी गेले आणि खाच खरवडायला लागले. मी वरच्या आडव्या लाकडावरून दोर टाकला. एक खाच मोकळी झाली. झडप जरा हलली. बाबांनी मान वर केली. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला नीट आठवतो. पंचनाम्यानंतर त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

मग चराच्या दुसऱ्या टोकाकडून, जमिनीच्या बाजूने, पाइप घशात कफ अडकल्यासारखा वाजला.

जोड रात्रीत दुरुस्त झाला होता. जहाजाला वायरलेसवर कळवलं गेलं, जहाजाने पंप सुरू केला, आणि मधल्या कोणाला चरात माणूस आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. बाबांची पाठ त्या बाजूला होती. त्यांनी आवाज ऐकला असणार, पण वळून पाहिलं नाही. त्यांचा हात खाचेतच चालू होता. ओहोटीला चरात पाणी येत नाही. साडेसातला पाणी येतंय असं त्यांना प्रत्यक्ष पाण्याने सांगितलं असतं तरी त्यांनी आधी तिथी आठवली असती.

वळणावरून राखाडी, जाड पाणी येताना मला दिसलं. मी "बाबा" म्हणून ओरडलो. ते वळले नाहीत. मग माझ्या तोंडून, मी कधीही म्हटलेलं नव्हतं ते निघालं: "पानी आयलं हो, वर या!"

त्याला ते वळले. कोयता टाकला. मी सोडलेल्या दोराचं टोक त्यांनी मनगटाला गुंडाळलं आणि मी ओढलं. वाळूचं पाणी त्यांच्या कमरेला लागलं, मग छातीला, आणि त्याचं वजन दोरावर माझ्या हातांना कळत होतं. मला अजून वाटतं की ते वजन एका माणसाचं नव्हतं. एवढंच लिहितो. ते वर आले. एक चप्पल नव्हती. आम्ही दोघं बांधावर बसलो आणि खाली चर भरत गेला. चौकट बुडाली, आडवं लाकूड तेवढं दिसत राहिलं, मग तेही नाही.

"उघडीच राह्यली," बाबा म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांनी तिथी विचारली नाही. कॅलेंडर आई बघायची, चतुर्थीच्या उपासापुरतं. पण आईने एक गोष्ट पाहिली आणि मग मलाही दाखवली. बाबा दुपारी खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेले असत. भरतीची वेळ झाली की ते पाय जमिनीवरून उचलून वर घ्यायचे, मांडी घालायचे आणि तासाभराने पुन्हा खाली सोडायचे. घड्याळ त्या खोलीत नव्हतं. मी चार-पाच वेळा ताडून पाहिलं. प्रत्येक वेळी पाऊणकी जुळली. एकदा आई म्हणाली, "काय रं, फरशी थंड लागते का?" ते म्हणाले, "वली लागते." आमच्या घरात फरशी कोरडी होती. मी हात लावून पाहिला.

बंदर तयार झालं. मला मोजणीच्या कामावर घेतलं. आता दगड नव्हते, कंटेनर होते. प्रत्येकावर चार अक्षरं आणि सात आकडे. शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवरून काढलेला असतो. लिहिताना कुठे चूक झाली तर तो जुळत नाही आणि संगणक नोंद घेत नाही. मला हे इतकं पटलं की मी घरी जाऊन बाबांना समजावून सांगितलं. पूर्वी आमचं मीठ पडावांत, शिडाच्या होड्यांत, भरून जायचं, आणि कुठे जातं विचारलं तर बाबा म्हणायचे, "मोऱ्याच्या बंदराच्या पलीकडं." त्यापुढे त्यांना माहीत नव्हतं आणि लागतही नव्हतं. आता पेट्या सिंगापूरहून, रॉटरडॅमहून येणार होत्या आणि कोणती पेटी कुठे आहे ते हजारो मैलांवर बसलेल्या माणसाला कळणार होतं.

"पेटीत काय हाय ते कलतं?"

"कागदावर असतं."

"आन् पेटीखाली काय हाय ते?"

 यार्डाच्या नकाशावर मी जुना बांध आधीच मोजून काढला होता, डोंगराचं टोक आणि मंदिराचा कळस धरून. चौकट पाचव्या रांगेखाली येत होती. ते मी त्यांना सांगितलं. सांगायला हवं असं वाटलं.

 बाबा म्हणाले, "जहाज कधी लागतंय?"

"उद्या."

"पेटी ठेवायच्या आधी आवाज दे."

"कोणाला, बाबा?"

त्यांनी पाय उचलून खाटेवर घेतले. पंचमी होती. बाहेर मी पाहिलं तर पावणेचार वाजत आले होते.

दुसऱ्या दिवशी पाचव्या रांगेची मोजणी माझ्याकडेच आली. काँक्रीट नवंकोरं होतं, पण दोन लाद्यांच्या सांध्यात बोटाएवढी पांढरी रेघ उठली होती. भिंतीला लोणा लागतो तशी. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ होतं. आमच्याकडचं पहिल्या काढणीचं मीठ असतं तसं, जरा कडवट.

ट्रेलर पेटी घेऊन येऊन थांबला. वर क्रेनचा पंजा खाली यायला लागला. मी हातातली पाटी छातीशी धरली आणि तीनदा आवाज दिला. यंत्रांच्या आवाजात तो मलाही नीट ऐकू आला नाही. तिसऱ्या आवाजानंतर मी थांबलो, बाबा थांबायचे तेवढा.

ट्रेलरच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "काय बोलला साहेब? पाणी आलं? कुठे आलं?"

"काही नाही. घे मागे."

पेटी खाली बसली. मी नंबर लिहिला, शेवटचा आकडा काढून पाहिला. जुळला. घरी जाऊन बाबांना सांगितलं, आवाज दिला. त्यांनी विचारलं, "किती येल थांबलास?" मी सांगितलं. ते बरं म्हणाले.

त्यानंतर बंदरात हजारो पेट्या उतरल्या आणि त्या सगळ्यांना आवाज देणं कोणाला शक्य नव्हतं. बाबाही पुन्हा म्हणाले नाहीत. आता तेही नाहीत. पण उधाणाच्या दिवशी मी घरी असलो की वेळ झाल्यावर खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो. बायको विचारते, फरशी पुसलीय का? मी म्हणतो, नाही, कोरडी आहे.