जाते नाही, येते म्हण

मंडळी, आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सिंगापूरमध्ये, नोव्हेनाला एका लॅबमध्ये नोकरी करते मी... आमच्याकडे रिपोर्ट हातात आल्याशिवाय कोणी कोणाचं ऐकत नाही. पण हे माझ्या लेकीचं आहे, म्हणून लिहितेय.

आम्ही मूळचे पुण्याचे, राहतो हौगांगला, एचडीबीच्या, म्हणजे सरकारी बिल्डिंगच्या, पाचव्या मजल्यावर. मुक्ता इथेच वाढली. मराठी कळतं, पण बोलणं बहुतेक इंग्लिशच. एक वाक्य मात्र रोज मराठीत — घराबाहेर पडताना, "आई, मी जाते." त्यावर माझं ठरलेलं, "जाते नाही गं, येते म्हण." निघताना 'जाते' म्हणू नये, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. विश्वास नसला तरी जीभ ऐकते थोडीच!

मग ती कॅनडातल्या प्रेअरीवरच्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत शिकायला गेली. नजर पोचेल तिथवर सपाट माळ, आणि हिवाळ्यात पापण्या गोठतील अशी थंडी.

जानेवारीतला शनिवार, इथे सकाळ, तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ. लिटिल इंडियातून आणलेली मेथी निवडत मी किचनमध्ये बसले होते. दाराबाहेरची लोखंडी जाळी वाजली आणि नेहमीसारखं ऐकू आलं, "आई, मी जाते."

मी मान वर न करताच म्हटलं, "जाते नाही गं, येते म्हण."

हातातली जुडी निवडून झाली. मग अगदी हळू, "येते."

आणखी एक जुडी हातात घेतली आणि हात थांबला. मुक्ता इथे नाहीच...

जाळीचं कुलूप जसंच्या तसं. बाहेर शेजारच्या चिनी आंटी कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "युअर गर्ल कम बॅक, आह? आय हिअर हर."

मी तशीच आत धावले. फोन लावला, ती उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा. नवरा म्हणाला, "अगं, लायब्ररीत असेल." मी कित्येक वर्षांनी देवापुढे जाऊन बसले.

शेवटी तिचाच फोन आला, हॉस्पिटलमधून. लायब्ररीतून होस्टेलला जाताना तिने मैदानातून शॉर्टकट घेतला होता. वादळ आलं, बर्फात दिशा कळेना, आणि थकून ती खाली बसली.

"आई, थंडी वाजायचीच बंद झाली. सो वॉर्म. आय थॉट घरीच आहे, स्कूलला निघालेय. म्हणून म्हटलं, मी जाते. अँड यू करेक्टेड मी. देअर ऑल्सो, लाह! इतका राग आला... रागानेच उठले."

उठल्यावर तिला लायब्ररीचे दिवे दिसले. दारातल्या गार्डने तिला आत ओढून घेतलं.

मी रडत रडतच म्हटलं, "ऐकलंस ते बरं केलंस बाई. येते म्हणालीस."

"नो, आई. मी ते नाही म्हणाले. तोपर्यंत ओठच हलेनासे झाले होते."

डॉक्टर म्हणाले, इतक्या थंडीत माणसाला भास होतात. झाले असतील तिला. पण हौगांगच्या उकाड्यात मला आणि आंटींना कसे झाले?

मुक्ता आता ठणठणीत आहे. फोन ठेवताना न चुकता "येते" म्हणते, आणि माझ्या अंगावर काटा येतो. त्या सकाळी जाळीपलीकडून "येते" कोण म्हणालं, मला आजही माहीत नाही... आणि ते म्हणायला लावलं मीच.

अजून तरी कोणी आलेलं नाही.