नंबराशिवाय निरोप नाही

बोललेल्या शब्दावर माझ्या चुलत सासऱ्यांइतका अविश्वास ठेवणारा माणूस उभ्या बेंगळुरात नसेल, आणि दैवाने त्यांच्या घरी सून धाडली ती कविता करणारी. या अण्णांची सारी नोकरी व्हाइटफील्डजवळच्या एका रेल्वे फाटकावर गेली. पुढे रुळांखालून रस्ता निघाला, फाटक गेले. उरली दोन माणसे जेमतेम मावतील अशी पिवळी टेलिफोन केबिन आणि तिच्यातला हँडल फिरवायचा काळा फोन. अण्णांनी निवृत्तीनंतर तिची राखण मागून घेतली, रस्त्यापलीकडच्या आमच्या स्वयंपाकघरापर्यंत तार ओढली आणि तसाच दुसरा फोन मिसळणाच्या डब्याशेजारी बसवला. दिवसभर ते तिथे पितळ पुसत बसतात. घरी येतात तेव्हा त्यांच्याआधी मशीनच्या तेलाचा वास आत येतो.

फाटक खरोखर बंद झाले, याची खूण म्हणून फाटकवाल्याने छापील तक्त्यातला एक गुप्त आकडा फोनवर स्टेशनमास्तरला सांगायचा आणि तो लगेच खोडायचा, अशी त्यांच्या कामाची रीत. तीच त्यांनी जेवणाला लावली : पान वाढले की मी त्यांनी दिलेल्या तक्त्यातला आकडा सांगायचा. मी नवी नवरी असताना त्यांनी फोनवर, पान वाढले का, असे विचारले, तेव्हा मी म्हटले, कढीचा दरवळ उंबऱ्यापर्यंत आला आहे. मग त्यांनी नंबर मागितला. तक्ता माझ्याजवळ नव्हता. त्याच्या पाठीवर कविता लिहून मी तो एका दिवाळी अंकाकडे पाठवला होता. "नंबराशिवाय निरोप नाही," म्हणून अण्णा चार वाजेपर्यंत उपाशी बसून राहिले. कविता साभार परत आली, तेव्हा माझ्या कवितेचे घरात प्रथमच मनापासून स्वागत झाले.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करण्यासाठी केबिन पाडायचे ठरले. अण्णांचे जेवण निम्मे झाले. मी तीन पानी अर्ज लिहिला, त्यात संधिप्रकाश दोनदा आला. पाहणीला आलेल्या साहेबांनी तो चाळून, बंद पडलेली वस्तू कशाला ठेवायची, असे विचारले. अण्णांनी हँडल फिरवून रिसीव्हर त्यांच्या हाती दिला. इकडे मी पाठ केलेले भाषण सुरू केले. तारेतून वाहणाऱ्या काळाविषयी दोन वाक्ये झाली असतील, तोच रिसीव्हरशी वाकलेल्या अण्णांचा आवाज आला.

"सूनबाई, नंबर."

"सत्तेचाळीस."

"सत्तेचाळीस. सरी." आकडा बरोबर असला की अण्णा कानडीत सरी म्हणतात.

साहेबांनी कागदावर लिहिले : लाइन चालू आहे, रस्ता थोडा वळवावा. माझ्या अर्जाची त्यांनी सुबक घडी केली आणि डगमगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. तो अजून तिथेच आहे. माझे इतके भक्कम लेखन दुसरे नाही.

आता अण्णांना ऐकू येत नाही. दुपारी घंटी वाजते, मी रिसीव्हर उचलते आणि खिडकीतून बोटांनी आकडा दाखवते. तेही रस्त्यापलीकडून माझी बोटे निरखून, रिसीव्हर कानाला घट्ट धरून, तो आकडा म्हणून दाखवतात. तक्त्यात आता थोडेच आकडे राहिले आहेत. परवा मी आठ दाखवले. त्यांनी आठ म्हटले, सरी म्हटले. मी पेन्सिल उचलली, आणि तो आकडा तसाच ठेवला.