लाल शिवराई

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पोरीला नाही, भावाला नाही, तालमीतल्या जुन्या दोस्तांना नाही. माझ्या बायकोला, शालनला, ठाऊक होतं, कारण ते तिच्यावरच झालं. ती गेली. आता ठाऊक असणारा मी एकटाच. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, दोस्त समजून लिहितो. चौथी शिकलेला माणूस, आडपडदा न ठेवता बोलायची सवय. पण ह्या गोष्टीत ती सवय कधी कामाला आली नाही. आज तरी येते का बघू.

आधी नाण्याचं सांगतो. ते सोपं आहे.

उद्यमनगरात एका फाउंड्रीत मी जन्म काढला, भट्टीवर. तांब्या-पितळेची मोड पोत्यानं यायची. फुटकी घागर, चेपलेली समई, नळाच्या तोट्या, आणि त्यात कधी एखादं जुनं नाणं. वितळायच्या आत मी ते उचलून घ्यायचो. मालक हसायचा, "घे बाबा, तेवढ्यानं काय भट्टी इझत न्हाय." असा शिवराईचा नाद लागला. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. काळं पडलेलं तांबं. कपाटातल्या डब्यात मी ती ठेवायचो आणि शालनला डब्याला हात लावू द्यायचो नाही. का? माझं होतं म्हणून. दुसरं कारण नाही.

माझा हात जड. तालमीतला आणि वर भट्टीवरचा. राग यायला वेळ लागायचा नाही, आणि राग आला की आधी हात जायचा, मग तोंड. शालनवर आधीही हात टाकला होता. एखाद्या वेळी? नाही, खोटं कशाला लिहू. पुष्कळ वेळा.

नोकरी सुटल्यावर वेळ खायला उठला. राजारामपुरीत दिलीपचं नेट कॅफे होतं, ओळखीचा माणूस. त्यानं मला लिलावाची साईट दाखवली. घरबसल्या नाणी विकत मिळतात म्हणाला. वर हेही म्हणाला, "काका, फसवणारं लई बसल्यात हितं. परवा एकाला नाण्याच्या जागी वाशर आला. त्यो म्हणतोय, कुठल्या राजाचा हाय जरा बघून सांगा." आम्ही दोघंही हसलो.

तिथं मला ती शिवराई दिसली. काळीभोर, अक्षरं पुरी, कडेचे ठिपके सगळे शाबूत. असली माझ्याकडं नव्हती. विकणारा मुरगूडचा, बसाप्पा नावाचा भांड्यांचा दुकानदार. मोडीत आलेली नाणी तो फोटो काढून साईटवर टाकायचा. दिलीपनं बोली लावली, मी बँकेत पैसे भरले.

टपाल आलं तेव्हा मी नेसरीला बहिणीकडं लग्नाला गेलतो. परत आलो तर शालननं पाकीट हातात दिलं. "मीच फोडलं, बघायला," म्हणाली. आणि दाराला टेकून उभी राहिली. हसत होती. ते हसणं तुम्ही ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

कागद उलगडला. आत लाल नाणं. झगझगीत, कालच पाडल्यासारखं. काळेपणाचा मागमूस नाही. माझं डोकं फिरलं. "फसवलं भडव्यानं! खोटं नाणं धाडलंय!" कागद फेकला, चहाचा कप भिंतीवर फोडला. शालन आत निघून गेली. तिच्याकडं मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर?... जाऊ दे. नाही बघितलं.

मी तांबं ओळखणारा माणूस. नाणं नीट हातात घेऊन अक्षरं बघितली असती तर तिथंच कळलं असतं. पण रागात कोण अक्षरं वाचतो?

दिलीपकडून नाण्याचा फोटो टाकला आणि पैसे परत मागितले. बसाप्पाचं उत्तर आलं, त्यात लिहिलं होतं: मी काळं नाणं पाठवलं होतं, हे लाल कुठून आलं? खरं नाणं ठेवून घ्यायचं, खोटं दाखवायचं आणि रिफंड मागायचा, असली गिऱ्हाइकं मी बघितली आहेत. दिलीपनं ते मला वाचून दाखवलं, हळू आवाजात. मला चोर म्हणाला! शेवटी त्या माणसानंच मजकूर धाडला की नाणं घेऊन दुकानात या, समोरासमोर बघू. दिलीप म्हणाला, "काका, जाऊ नगासा. साईटवाले निकाल देतील." मी एसटीत बसलो.

बसाप्पा माझ्यापेक्षा बराच लहान. कपाळाला विभूती, मांडीवर पंचा. शिवी न देता बोलला. चहा मागवला. नाणं उलटंपालटं केलं, उजेडात धरलं, आणि हसला.

"पावणं, नाणं आमचंच की हो. ह्यो बघा 'शि'वरचा ओरखडा. फोटोत बी हाय. पण ह्ये घासलंय. चिंच लावून. घरात कुणी घासलं काय, इचारून बघा की."

आणि पुढं म्हणाला, "घासलं की जुन्या नाण्याचं मोल जातंय. बिघडवलं तुमच्याकडं, पर तंटा नगो. निम्मं मी सोसतो, निम्मं तुमी सोसा."

आता तुम्हीच सांगा, यात मारण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण मला ऐकू काय आलं? माझ्या घरातल्या बाईवर ढकलतोय. परक्या गावात, चार गिऱ्हाइकांसमोर, माझ्या बायकोवर. तराजूच्या पारड्यात लोखंडी वजन होतं. ते उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं.

डाव्या डोळ्यावर बसलं. तो मागं ताटांच्या चळतीवर पडला, सगळी ताटं खाली आली. तो आवाज अजून कानात आहे. पडलेल्या माणसाला मी लाथा घातल्या. बरगडीत, पोटात. तो "अव्वा, अव्वा" म्हणत होता. त्याच्या भाषेत आईला हाक. मग गल्ल्यात हात घातला, माझे पैसे घेतले, नाणं त्याच्या अंगावर फेकलं आणि दारात उभा राहून ओरडलो, "चोर हाय ह्यो! खोटी नाणी विकतोय!" बाजारचा दिवस होता. लोक जमले. म्हाताऱ्या माणसाला फसवलं म्हणून त्यांनी मलाच पाणी दिलं. मी प्यालो.

इथपर्यंत सांगणं जड नाही. परक्या माणसाला मारल्याचं तालमीत चारचौघांत सांगता येतं, वर शाबासकी मिळते. पुढचं सांगता येत नाही.

एसटीत खिडकीशी बसलो आणि ते हसणं आठवलं. दाराला टेकून उभी होती ते. घरी आलो तर शालन न्हाणीपाशी बसून देवघरातली भांडी घासत होती. पळी, पंचपात्र, ताम्हन. चिंच आणि मीठ. ताम्हन लाल झालं होतं, झगझगीत, कालच घडवल्यासारखं.

"ते नाणं तू घासलंस?"

तिनं माझ्या सदऱ्यावरचं रगत बघितलं. खोटं बोलली असती तर चाललं असतं. मी मानलं असतं, मला मानायचंच होतं. पण ती म्हणाली, "व्हय. म्हाराजांचं नाव त्येच्यावर आन किती कळकट! म्हटलं, तुमी येस्तवर लख्ख करावं. तुमास्नी बरं वाटंल."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी बोलू कुठं दिलासा?"

खरं होतं. खरं होतं म्हणूनच सहन झालं नाही. मी तिचा उजवा हात धरला. घासलेला हात, चिंचेनं बुळबुळीत झालेला. भट्टीवर सांडस धरायची माझी पकड. मधली दोन बोटं धरून मागं वाकवली. थांबता आलं असतं. थांबलो नाही. आवाज होईपर्यंत वाकवली.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अवो, हात हाय माझा."

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, काय झालं? तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "न्हाणीत पाय घसरला." तिनं मान डोलावली. त्या दिवसापासून तेच खरं झालं. पोरीला तेच, शेजारणींना तेच, तिच्या माहेरी तेच. बोटं जुळली पण वाकडी. घास उचलताना दोन बोटं बाहेर राहायची. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, ती हसून सांगायची, "न्हाणीत पडले की ओ. शेवाळ घासायचा कंटाळा केला, त्येची शिक्षा." माझं पाप असं ती चेष्टेवर न्यायची, आणि मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचो.

आणि बसाप्पाचं? खरं कळल्यावर मी काय केलं? दुसऱ्या दिवशी दिलीपकडं गेलो आणि साईटवर तक्रार लिहायला लावली. हा माणूस खोटं विकतो, पैसे परत मागितले की अंगावर येतो. मी. त्याच्याबद्दल. दिलीपनं विचारलं, "काका, नक्की ना?" मी म्हणालो, "लिही." साईटवाल्यांनी त्याचं खातं बंद केलं. पोलिसात तो गेला तर आपलं काहीतरी लिहिलेलं असावं म्हणून मी ते केलं. तो गेला नाही.

शालन मला एकच गोष्ट सांगायची. मोडलेल्या बोटांबद्दल कधीच नाही. "अवो, मुरगूडला जाऊन त्या मानसाला सांगून या की, त्येचं खरं हुतं म्हून." दर दिवाळीला, भांडी काढली की. चिंच तिला मुठीत धरता यायची नाही, डाव्या हातानं घासायची. मी म्हणायचो, जातो. शेवटच्या आजारपणात तिनं परत विचारलं, "गेलासा का?" मी म्हणालो, "व्हय, जाऊन आलो. सांगितलं." ती म्हणाली, "बरं झालं." त्यावर डोळे मिटले तिनं. ते खोटंही माझंच.

तिचं दिवसकार्य झाल्यावर मी खरंच गेलो. दुकान तिथंच होतं. बसाप्पा म्हातारा झालाय. डावा डोळा पांढरा. मला ओळखलं नाही. गल्ल्याच्या वर देवाच्या फोटोपाशी ती शिवराई ठेवलेली, पुन्हा काळी पडलेली, फोटोत होती तशीच. 'शि'वरचा ओरखडा मला लांबूनच दिसला.

"या पावणं, काय दावू?"

सांगायलाच आलो होतो की! मी एका तांब्याकडं बोट केलं. तो उतरवून त्यानं पुसला आणि गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगितलं, "चिंचेनं घासा, सोन्यागत दिसतंय."

मी म्हणालो, "घरात घासणारं कुणी उरलं न्हाय."

त्यानं त्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या काळा. तांब्याचं काय बिघडत न्हाय." तांब्या कागदात गुंडाळून दिला. मी घेतला आणि एसटी गाठली. सांगितलं नाही.

बोटं मोडली त्या साली पोरीनं पहिल्या पगारातून न्हाणीत घालायला रबरी चटई आणली होती, आई परत घसरू नये म्हणून. ती चटई अजून आहे. रोज सकाळी तिच्यावर उभा राहून मी आंघोळ करतो. पोरगी आली की म्हणते, बाबा, जपून, आई इथंच पडली होती.

शालन न्हाणीत पडली नव्हती.